इंदूरचा सराफा: एक ओटा, दोन बाजार

राजवाड्यामागच्या गल्लीत रात्री आठ-साडेआठला सोन्याच्या पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर शेगड्या चढतात. नऊला गेलात तर मांडामांड चाललेली दिसेल; दहानंतर बाजार रंगतो तो दोनपर्यंत. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी तेच पदार्थ निवांत उभं राहून खाता येतात. गाडी सुभाष चौकातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावून चालत या. गल्ली अडते ती मुख्यतः आत घुसवलेल्या स्कूटरींमुळे.

एका ओट्यावर एकच पदार्थ करणारे गाठावेत, कारण हात बसलेला असतो आणि माल शिळा राहत नाही. भुट्ट्याचा कीस हा इथला खरा कस. कोवळं देशी कणीस किसून, तुपात हिंग-जिरं-मिरचीच्या फोडणीवर परतायचं, मग दूध घालून मंद आचेवर आटेपर्यंत हलवत राहायचं. कणीस जून असेल तर कीस पिठूळ होऊन तळाला धरतो. स्वीट कॉर्न वापरलं तर पाणी सुटतं आणि गोडवा मिरचीवर मात करतो. चांगल्या कीसाला कडेने तूप सुटलेलं दिसतं आणि दाताखाली दाणा लागतो. कढईत नुसता पिवळा लगदा दिसला तर पुढे चला.

गराडू फक्त थंडीत. कोनफळाच्या जातीचा हा कंद आधी मंद तेलात आतपर्यंत शिजवतात आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात दुसऱ्यांदा तळतात. वर जिरावण, म्हणजे माळव्याकडची चटकदार मसाल्याची पूड, आणि लिंबू. घाईत एकदाच तळला की बाहेरून लाल, आत कचकचीत. साबुदाण्याच्या खिचडीकडून आपल्या तुपातल्या खिचडीची अपेक्षा ठेवू नका. इथे साबुदाणा वाफेवर मोकळा ठेवून, मागणीप्रमाणे फराळी चिवडा, मसाला, लिंबू घालून कालवतात. शिकंजीही लिंबाची नाही, आटीव दुधाची आहे, जेवणाइतकी जड. ती दोघांत एक पुरे. जोशींकडचा दहीवडा मात्र वाटून घेऊ नये. चिमटीत चार-पाच मसाले एकदम धरून एकेक वेगळा सोडण्याची ती हातोटी दोन हात अंतरावरून बघण्यासारखी आहे.

आता बाजार चालवण्याबद्दल. खाण्याची रेलचेल असल्यामुळे रात्रभर गल्ली जागी राहते आणि पेढ्यांना राखण मिळते, असं या जोडीचं कारण जुने लोक सांगतात. ही जोडी टिकते ती जागेच्या शिस्तीवर. शेगडी ओट्यावर आणि गिऱ्हाईक गल्लीत असेल तर मधून हातगाडी जाते. नूडल्स-मोमोजवाले ओटा सोडून रस्त्यात टेबलं मांडतात तिथे वाट दोन माणसांइतकीही उरत नाही. त्यांना आमचा विरोध चवीपायी नाही. उघडी भट्टी, मागे सिलिंडर आणि पुढे गर्दी ही रचनाच चुकीची आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो आणि झाकलेल्या गटारात साचतो. म्हणून 19 किलोचा सिलिंडर उभाच हवा, नळी दीड मीटरच्या आत हवी, जोडावर रोज साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला हवेत आणि गटाराच्या झाकणाशेजारी सिलिंडर कधीच नको. जादा भरलेले सिलिंडर गल्लीबाहेर ठेवावेत. हे न पाळणाऱ्याला ओटा देऊ नये, इतकं आमचं मत स्पष्ट आहे.

तेलाची पारख गिऱ्हाईकालाही करता येते. पदार्थ सोडण्याआधीच कढईतून धूर येतो, फेस बसत नाही, तेल काळपट आणि चिकट दिसतं, तर ते तेल फार वेळा तापवलेलं आहे. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात, आणि कायद्यानेही त्यांची मर्यादा 25 टक्के आहे.

सफाईत सराफा पैकीच्या पैकी गुणांच्या जवळ जातो. 2017 पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर आणलेल्या शहराचा हा बाजार, त्यामुळे ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय इथे मुरलेली आहे. शहराच्या देवगुराडिया इथल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो, पण द्रोणात प्लास्टिकचा चमचा राहिला तर तोच कचरा पुन्हा निवडावा लागतो. खाणाऱ्याने चमचा वेगळा टाकावा.

उणीव आहे ती सकाळी पेढीला ओटा परत करण्यात. सराफाच्या केरालाही मोल असतं, झारेकरी तो धुऊन सोन्याचे कण काढतात. त्यात रात्रीचं तेल आणि खरकटं मिसळलं की तो केर बिघडतो. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ओटा गार पाण्याने धुतला तर तेलाचा थर दगडावर तसाच राहतो आणि सकाळी पेढीची पायरी चढणारा घसरतो. आधी भुसा टाकून तेल टिपावं, तो भुसा गोळा करावा, मग सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासावं. एका ओट्याला दोन बादल्या आणि वीस मिनिटं लागतात.