चार पॅक एकदम चार्ज करायचे आहेत: पॅरलल बोर्ड की दोन चॅनलचा चार्जर?

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या नादात लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचे पॅक दोनाचे चार झाले की चार्जिंगचं वेळापत्रक बसवावं लागतं. एक काढा, दुसरा लावा, मध्येच उठून बघा, असं करत पळवण्यापेक्षा चार्जिंगमध्येच जास्त वेळ जातो. यावर दोन उपाय आहेत. हाताशी असलेल्या एका चॅनलच्या (एका वेळी एकच पॅक घेणाऱ्या) चार्जरला पॅरलल बोर्ड, म्हणजे अनेक पॅक समांतर जोडणारी पट्टी, जोडायचा, नाहीतर दोन स्वतंत्र चॅनलचा चार्जर घ्यायचा. मी आधी दीड वर्ष बोर्ड वापरला आणि आता दोन चॅनलवाला वापरतोय. त्यावरून माझा कल लक्षात आलाच असेल, पण बोर्डाची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

बोर्डाचं गणित मोहात पाडतं. ५००० एमएएचचे चार २एस (एकामागे एक दोन सेल असलेले) पॅक समांतर जोडले की चार्जरच्या लेखी तो २०,००० एमएएचचा एकच पॅक होतो. १सीने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्या करंटने, इथे २० अँपिअरने, चार्ज केलं तर एका पॅकला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात चारही उरकतात. सगळ्या पॅकचे पहिले सेल एकमेकांना आणि दुसरे सेल एकमेकांना जोडलेले असल्यामुळे बॅलन्सिंगही (सगळे सेल एका व्होल्टेजला आणणं) एका पॅकसारखंच होतं. फक्त चार्जरमध्ये तेवढा दम हवा, कारण २० अँपिअर गुणिले ८.४ व्होल्ट (भरलेल्या २एसचं व्होल्टेज) म्हणजे १६८ वॉट. नसेल तर १० अँपिअरवर ठेवा, दुप्पट वेळ लागेल. पॅकची त्याबद्दल काही तक्रार नसते, उलट त्यांना ते मानवतंच. बोर्ड घ्यायचा झाला तर फ्यूजवालाच घ्या, आणि फ्यूज मुख्य कनेक्टरला तसेच बॅलन्सच्या बारीक तारांनाही (बॅलन्स लीड) हवेत. बिनफ्यूजचा कोणी फुकट दिला तरी नको.

दोन चॅनलवाला यापुढे जरा गरीब दिसतो. एका वेळी दोनच पॅक लागतात, म्हणजे चारांसाठी दोन फेऱ्या. त्यात खोक्यावरचा वॉटचा मोठा आकडा बऱ्याचदा बाहेरून डीसी पुरवठा दिला तरच मिळतो. घरच्या सॉकेटवर दोन्ही चॅनल त्याहून कमी वॉट आपसात वाटून घेतात. घेण्याआधी हे बारीक अक्षरांत वाचून घ्या. ५००० चा २एस पॅक १सीवर जास्तीत जास्त ४२ वॉट खातो. दोन चॅनल मिळून १०० वॉट येत असतील तर अशा पॅकना पुरे, ३एसच्या जोडीला अपुरे.

नुसता वेग बघितला तर बोर्डच जिंकतो. माझं गाडं अडलं ते पॅक बोर्डाला लावण्याआधीच्या कामात.

समांतर जोडायचे पॅक सारख्याच सेलसंख्येचे आणि जवळपास सारख्या व्होल्टेजचे असावे लागतात. सेलमागे ०.१ व्होल्टच्या आत फरक, हा सर्वसाधारण दंडक. वाचायला सोपं आहे. पण पळवून परत आणलेले पॅक सारखे कधी असतात? एक पूर्ण संपवलेला, एक मध्येच पिनियन (मोटरवरचं दातेरी चाक) सैल झाली म्हणून अर्ध्यात काढलेला, एक शेवटच्या पाच मिनिटांपुरता लावलेला आणि एक न वापरताच परत आलेला. मग सेल चेकर काढायचा आणि चौघांचे आकडे कागदावर मांडायचे. जो खाली आहे त्याला एकट्याला चार्जरवर लावायचं, इतरांच्या पातळीला आला की थांबवायचं, आणि मग सगळे बोर्डावर. वेळ वाचवायला बोर्ड आणला आणि पहिला अर्धा तास जुन्याच पद्धतीने गेला! हे दर खेपेला व्हायचं.

बरं, कंटाळा करूनही चालत नाही. लायपोचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो. एक पॅक ८.४ वर, दुसरा ७.४ वर आणि प्रत्येकाचा रोध १० मिलिओम धरला, तर जोडल्या क्षणी रिकाम्या पॅकमध्ये ५० अँपिअरच्या आसपास करंट घुसू शकतो. तारा आणि कनेक्टरचा रोध त्यातले काही कमी करेल, तरी ५००० च्या पॅकसाठी हे १०सीच्या घरात गेलं. चार्जर तर अजून चालूही केलेला नसतो, म्हणजे त्याचं कुठलंही संरक्षण इथे कामाला येत नाही.

माझ्याकडून हे एकदा झालं. तीन पॅक मोजले होते. चौथा गाडीतून काढला म्हणजे रिकामाच असणार, असं धरून चाललो. प्रत्यक्षात निघायच्या आधी मी गाडीत नवा भरलेला पॅक घातला होता आणि तो फिरवलाच नव्हता. एक्सटी६० कनेक्टर टेकवला मात्र, ‘चट्’ आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली आणि बोर्डावरचा एक फ्यूज गेला. पॅक तिथल्या तिथे सोडवून उघड्यावर फरशीवर ठेवले आणि तासभर त्यांच्याकडे बघत बसलो. हार्डकेस असल्याने आत फुगलेत का ते दिसायचं नाही, हात लावून गरम लागतात का तेवढंच कळायचं. काही झालं नाही. कनेक्टरच्या पिनेवर काळा डाग राहिला, तो अजून आहे.

दोष बोर्डाचा नव्हता. फ्यूजने त्याचं काम केलं, चूक माझी. पण ही मोजणी बोर्ड ज्याच्या भरवशावर सोडतो तो माणूस दिवसभर धूळ खाऊन, दमून, भुकेजलेला परत आलेला असतो. दोन चॅनलवर हा प्रश्नच येत नाही. एका बाजूला अर्धा भरलेला, दुसरीकडे रिकामा, एक २एस, एक ३एस, काहीही लावा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट बोर्ड सोडल्यानंतरच कळली. स्वतंत्र चॅनलवर लावल्यावर प्रत्येक पॅकचे सेल वेगवेगळे दिसायला लागले. एका पॅकच्या पहिल्या सेलचा अंतर्गत रोध ४ मिलिओम आणि दुसऱ्याचा १४, म्हणजे तो थकलेला. चार्जच्या शेवटी तो दुसरा सेल जागेवर यायला जास्त वेळ घ्यायचा. हा पॅक कित्येक महिने बोर्डावर इतरांच्या खांद्यावर बसून चार्ज होत होता, आणि चार्जरला चौघांचा मिळून एकच आकडा दिसत असल्याने पडद्यावर सगळं ठीक. आता तो पॅक बाद केला.

दोन चॅनलची खोटही सांगायला हवी. सेटिंग दोनदा करावं लागतं, म्हणजे चुकायची संधीही दोनदा. आधीच्या खेपेला एका बाजूला एलआयएचव्ही (जास्त व्होल्टेजपर्यंत भरायचा लायपोचा प्रकार) ठेवलं असेल आणि तेच राहिलं तर साधा लायपो सेल ४.२० ऐवजी ४.३५ पर्यंत ताणला जाईल. सेलची संख्या बॅलन्स लीडमुळे चार्जरला कळते, हा फरक मात्र त्याला कळत नाही. मी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचा पडदा मोठ्याने वाचतो. घरचे हसतात.

बाकी काळजी दोन्हीकडे सारखीच: फुगलेला पॅक लावायचा नाही, पळवून गरम आलेला गार होऊ द्यायचा, जळणार नाही अशा जागी ठेवायचा, आणि चार्ज चालू असताना घराबाहेर जायचं नाही. फक्त बोर्डावर चार पॅक शेजारी शेजारी असतात, एकाने पेट घेतला तर उरलेल्या तिघांना धग लागणारच. मी बोर्ड वापरायचो तेव्हा चौघांना दोन वेगळ्या आगरोधक पिशव्यांत ठेवायचो, आणि तारा पुरवता पुरवता नाकी नऊ यायचे.

बोर्ड कोणाला जमेल? ज्याचे सगळे पॅक एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकसारखेच संपवले जाणारे आहेत त्याला. छोट्या गाड्यांचे सहा-आठ पॅक असतील तर कदाचित बोर्डच सोयीचा पडेल. तसं असेल तर आधी मुख्य कनेक्टर, मग बॅलन्स लीड हा क्रम पाळा, नाहीतर पॅक बरोबरीला येताना सगळा करंट त्या केसाएवढ्या तारांतून जायचा. जोडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मग चार्ज सुरू करा.

माझ्यासारखे पाच वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या मिजाशीचे पॅक असतील तर मी दोन चॅनलच सुचवीन. आणि सध्याचा एका चॅनलचा चार्जर चांगला चालत असेल तर तो टाकूही नका. त्याच्या शेजारी तसाच दुसरा साधा चार्जर ठेवला तरी काम भागतं. टेबलावर तारांचा गुंता वाढतो, एवढंच.