मायफार्थ की आकरमान: मोठी कोण?

दोघी जर्मन, दोघी उंच उडीतल्या ऑलिंपिक विजेत्या; फक्त देश दोन. पश्चिम जर्मनीची उल्रिके मायफार्थ 1972 मध्ये म्युनिकला जिंकली, तेव्हा अवघी 16 वर्षांची. 1.92 मीटर, विश्वविक्रमाशी बरोबरी, तीही घरच्या प्रेक्षकांसमोर! चार वर्षांनी माँट्रियलला मात्र तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. तिथे 1.93 मीटरवर सुवर्ण नेलं पूर्व जर्मनीच्या रोझमारी आकरमाननं.

खरी गंमत तंत्रात आहे. मायफार्थ पाठ दांडीकडे करून जाणारी, फॉस्बरी फ्लॉपवाली. आकरमान जुन्या स्ट्रॅडलची: पोट दांडीकडे, अंग वळवत पलीकडे. आणि दोन मीटर ओलांडणारी पहिली बाई कोण? हीच जुन्या वळणाची आकरमान, 26 ऑगस्ट 1977 ला, तेही पश्चिम बर्लिनमध्ये.

मग नाव मायफार्थचंच जास्त का निघतं? 1984 मुळे. लॉस एंजेलिसला 28 व्या वर्षी 2.02 मीटर, पुन्हा सुवर्ण. मधली बारा वर्षं लोकांना भुरळ घालतात. (सोव्हिएत गट तिथे नव्हता, हेही खरं, पण 1983 मध्ये तिनं 2.03 मारली होती.) विक्रमाचं वजन बघायचं तर माझं मत आकरमानला.