काकींची कडक भाकरी आणि जर्मनीतला पाच युरोचा पाव

सुट्टी संपत आलीय. परवा वंदे भारतने मुंबई, तिथून रात्रीचं विमान. बॅग भरायच्या आधी हा रिव्ह्यू लिहून टाकते, नाहीतर तिकडं गेल्यावर राहूनच जातं.

मी सोलापूरचीच. नर्सिंग केलं आणि गेली चार वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. आले की परत जाताना विजापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका काकींकडून कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी नेते. दुकान वगैरे काही नाही, घराच्या मागच्या पडवीतच केंद्र आहे. यावेळी १५० भाकऱ्या आणि तीन किलो चटणी घेतली.

आधी भाकरीबद्दल. पातळ, काठापर्यंत एकसारखी, कुठं जाड कुठं बारीक असा प्रकार नाही, आणि टिचकी मारली की टण्ण वाजते. पीठ मंगळवेढ्याच्या मालदांडीचं, तिथल्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे बऱ्याच सोलापूरकरांनाही माहिती नसतं. चव गोडसर, तोंडात पिठूळ लागत नाही. आमटीत कुस्करली तर दोन मिनिटं तग धरते, लगेच लगदा होत नाही, माझ्यासाठी हीच खरी परीक्षा. बाजारात पाकिटातल्या मिळतात त्यातल्या काही मशीनच्या असतात, त्या आमटीत पडल्या की विरघळतात.

मी मुद्दाम सकाळी सहाला जाऊन बसले होते बघायला. काकी आणि अजून दोघी, तिघींच्या पुढ्यात काठवट. पिठात आधणाचं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवायचं आणि चटका बसत असतानाच हात घालून मळायचं, गार झाल्यावर मळलं तर भाकरी चिरते. मग थापणं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, भाजायची, आणि त्यापुढं खरं काम, मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत आतला ओलावा पार काढायचा. ओल राहिली की बुरशी आलीच. ती नीट काढलेली असते म्हणूनच माझ्या भाकऱ्या तिकडं दोन-तीन महिने आरामात टिकतात. एका भाकरीला मी मोजलं, दाबायला अंगठा साठ-सत्तर वेळा तरी लागतो.

चटणी उखळात कुटलेली, मिक्सरची नाही. दाण्याचं तेल सुटून गोळा होतो असा, लसूण पुढं येत नाही, तिखट बेताचं. ज्यांना झणझणीत लागतं त्यांनी आधी सांगावं, वेगळी करून देतात.

आता किंमत. भाकरी १२ रुपयाला एक, चटणी ४०० रुपये किलो. माझे तीन हजार झाले. मी पैसे देत होते तेवढ्यात शेजारी एक ताई आल्या, शंभर घेते पण दहाला लावा म्हणाल्या, काकी कसनुसं हसल्या आणि अकराला दिल्या. मला ते बघवलं नाही. आणि आज एवढं लांबलचक लिहितेय ते त्या एका रुपयासाठीच.

काकी त्या दोघींना भाकरीमागं तीन रुपये देतात. सहा तास बसलं तर एकीच्या एकशे दहा-वीस होतात, म्हणजे साडेतीनशे रुपये, म्हणजे तासाला ५५-६०. उरलेल्या नऊ रुपयात पीठ, गॅस, तीळ, पिशव्या, फुटलेल्या भाकऱ्यांचं नुकसान आणि काकींचं स्वतःचं. काकी काही फार मागं ठेवत नाहीत, मी वही पाहिलीय.

जर्मनीत माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. किलोभराचा राईचा पाव साधारण पाच युरोला, युरो शंभर रुपये धरला तर पाचशे रुपयांचा पाव. पहिल्या महिन्यात मी तो उचलून परत ठेवला होता. मग हळूहळू कळलं की त्या पाचशेत काय काय बसलंय. बेकर व्हायला तिथं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण आहे, काही दिवस शाळेत आणि बाकीचे भट्टीवर, आणि शिकतानाही पगार मिळतो. तिथल्या पावाच्या परंपरेला २०१४ साली देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. काउंटरवरच्या मुलीलाही कायद्यानं किमान वेतन, ते २०१५ ला साडेआठ युरो तासाला होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं.

नुसतं रुपयात बदलून बघितलं तर डोळे फिरतात, पण तो हिशेब खरा नाही कारण तिथलं भाडंही तसंच आहे, माझ्या एका खोलीला ७५० युरो जातात आणि पगारातले पस्तीस-चाळीस टक्के हातात यायच्या आधीच कापले जातात. म्हणून मी दुधानं मोजते. एक लिटर दुधासाठी त्या काउंटरवरच्या मुलीला पाच मिनिटं उभं राहावं लागतं. काकींकडच्या बाईला एक तास थापावं लागतं. भारत आणि जर्मनी दोन्ही जगातल्या पहिल्या पाच-सहा अर्थव्यवस्थांत आहेत, पेपरात ते वाचून बरं वाटतं, पण आपण १४० कोटी आणि ते साडेआठ कोटीसुद्धा नाहीत, माणशी वाटून बघितलं तर डॉलरमध्ये वीसपट फरक पडतो. आपल्याकडची स्वस्ताई धरली तरी सहा-सात पट उरतोच. आणि ही जी स्वस्ताई आपण म्हणतो ना, ती त्या तीन रुपयातूनच आलेली असते.

गेल्या वर्षी तिकडं माझी कंबर धरली, पेशंटला उचलताना. डॉक्टरांनी चार आठवडे घरी बसवलं. पगार पूर्ण आला, एक सेंट कमी नाही. कायदाच आहे, सहा आठवड्यांपर्यंत मालकानं पूर्ण पगार द्यायचा, आजार त्यापुढं गेला तर आरोग्य विमा मूळ पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास देतो, एकाच आजाराला तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे, पहिले सहा धरून. तेव्हाचा जर्मन चान्सलर बिस्मार्कनं कामगारांसाठी आजारपणाचा विमा १८८३ ला सुरू केला, तेव्हापासून वाढत वाढत इथवर आलंय. सहा आठवड्यांचा पूर्ण पगार बेकरीतल्या मुलीलाही, सर्जनलाही.

आणि परवा काकींचा हात बघितला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज. अंगठा आत घेऊन मूठ मिटून मनगट करंगळीकडं वाकवायला सांगितलं तर डोळ्यात पाणीच आलं. नर्स आहे म्हटल्यावर कळतंच, अंगठ्याच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, सुजल्यात, वर्षानुवर्षं दाबून दाबून.

"कधीपासून दुखतंय काकी?"

"दुखूलालंय गं दिवाळीपासनं. बाम लावते की."

मी म्हटलं पट्टा बांधा आणि तीन आठवडे हाताला आराम द्या, हाडाच्या डॉक्टरला दाखवा. काकी म्हणाल्या, "तीन आठवडे? आणि या दोघी काय खातील?" स्वतःचं नावच घेतलं नाही त्यांनी.

काकींकडं आयुष्मानचं कार्ड आहे, त्या दोघींपैकी एकीला लाडक्या बहिणीचे १५०० येतात, रेशन मिळतं. हे काही नाहीच असं मी म्हणणार नाही, माझ्या आजीच्या वेळेला रेशन सोडलं तर यातलं एकही नव्हतं. ॲडमिट झालं तर कार्डावर उपचार होतील. पण घरी हात बांधून बसलेल्या दिवसाचे साडेतीनशे कोण देणार? तिथं कुठलंच कार्ड चालत नाही. भारतातले बहुतेक कामकरी असेच आहेत, पगाराची चिठ्ठी नाही, रजा नाही. आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायका बघा, नगावर पैसे. हात थांबला की चूल थांबली.

जर्मनी म्हणजे स्वर्ग असं वाटून कुणी हे वाचू नये. तिथं निम्मा देश पंचेचाळिशीच्या पुढं आहे, आपल्याकडं निम्मा देश तिशीच्याही आत आहे. माझ्या वॉर्डात आजी-आजोबा महिनाभर असतात आणि भेटायला कुणी येत नाही असं होतं. औषध वेळेवर, चादर रोज स्वच्छ, जेवण मोजून, आणि संध्याकाळी खिडकीकडं तोंड करून बसलेले. स्पेशालिस्ट डॉक्टरची वेळ मला अडीच महिन्यांनी मिळाली होती, सोलापुरात त्याच संध्याकाळी मिळाली असती. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी खोलीत बसून काकींची भाकरी कोरडीच खाल्लीय, नुसत्या आवाजासाठी, काहीतरी वाजावं म्हणून. माझी ती कोपऱ्यावरची बेकरीसुद्धा पुढच्या वर्षी बंद होणार आहे, मालक सत्तरीला आला आणि पहाटे दोनला उठून काम शिकायला पोरगं मिळेना.

इकडं काकींच्या पडवीत मी सहाला गेले तर आधी चहा, मग "खाल्लंस का काय?", मग तव्यावरची मऊ भाकरी आणि त्यावर तेल-चटणी, त्याचे पैसे विचारले तर रागावल्या. चार दिवसाआड पाणी येतं, त्या दिवशी भाकऱ्या बंद आणि सगळी गल्ली हंडे भरायला, तरी एकमेकींचे हंडे भरून ठेवतात. तिकडं माझ्या नळाचं पाणी चोवीस तास पिण्याजोगं आहे आणि शेजारच्या घरात कोण राहतं ते मला दीड वर्षानं कळलं. दोन्ही एकाच ठिकाणी का मिळू नये हा प्रश्न मला विमानात दरवेळी पडतो.

एका बाबतीत मात्र काकी जर्मनीच्या पुढं आहेत. दारालाच क्यूआर कोड, पाच रुपयांचेसुद्धा यूपीआयने घेतात. कोपऱ्यावरच्या बेकरीत दहा युरोच्या खाली कार्ड चालत नाही, चिल्लर जवळ ठेवावी लागते.

एकदा हॉस्पिटलच्या ब्रेकमध्ये भाकरी लोणी लावून सगळ्यांना दिली. माझ्या सीनियर नर्सनं खाऊन विचारलं हा कुठला क्नेकेब्रोट. त्यांच्याकडं तसा कडक, पातळ राईचा पाव असतो, महिनोन्महिने टिकणारा. ज्वारीचा, हातानं थापलेला म्हटल्यावर तिनं तुकडा उजेडात धरून बघितला, बोटांचे ठसे दिसतात त्यावर. मग म्हणाली, हातानं केलेलं म्हणजे फार महाग असेल ना. मी किंमत सांगितली नाही, सांगवेना.

आता उणीवा, कारण काकींनाही वाचून दाखवणार आहे. पॅकिंग कमजोर आहे. वर्तमानपत्र आणि पातळ पिशवी, गेल्या खेपेला १५० पैकी २३ फुटल्या. यावेळी मीच पुठ्ठ्याचा खोका नेला, प्रत्येक वीस भाकऱ्यांमध्ये एक पुठ्ठा घातला. चटणीच्या पिशवीतून तेल झिरपतं. पिशवीवर तारीख नसते, ती हवी. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत, पण त्या वेळात त्या झोपतात, तर करूच नका.

आणि दर. काकींना सांगून आलेय की भाकरी अठराला करा, त्यातले पाच थापणारीला द्या आणि भाकरीमागं एक रुपया वेगळ्या डब्यात टाका, जिचा हात दुखेल तिच्यासाठी. दिवसाला साडेतीनशे भाकऱ्या म्हणजे साडेतीनशे रुपये, म्हणजे आजच्या मजुरीनं रोज एका बाईची एक दिवसाची रजा भरून निघते. गिऱ्हाईक तुटेल म्हणाल्या. मी माझ्या १५० चे अठरानं धरून नऊशे वर दिले, चहाच्या डब्यासारखा एक पत्र्याचा डबा होता त्यात टाकायला लावले. काकींनी डब्यावर खडूनं "हात" असं लिहिलं. पट्टाही आणून दिलाय, आठवडाभर फक्त पीठ मळायचं, दाबायचं नाही, असं कबूल करून घेतलंय.

जाणाऱ्यांसाठी : शंभरच्या वर हव्या असतील तर तीन दिवस आधी सांगा, पाण्याच्या दिवशी जाऊ नका, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस बंद असतं. चटणीला घरचा स्टीलचा डबा न्या. आणि अकराला मागू नका.