हरभऱ्याचं रायझोबियम, 'ऑल इन वन' बाटली आणि इंजिनाखालची काळी जागा

गेल्या रब्बीत मी दोन जिवाणू खतं शेजारी-शेजारी वापरून बघितली आणि तिसरी बाटली एका नासलेल्या जागेवर ओतली, त्याचा हा हिशोब. आमचं रान लातूरकडचं, काळी भारी जमीन, सोयाबीन निघालं की हरभरा, हरभरा निघाला की पुन्हा सोयाबीन, मधे एखादं वर्ष तूर. ज्या तुकड्यात हा प्रयोग केला तिथं मात्र पंधरा वर्षं नुसता ऊस होता, हरभरा पहिल्यांदाच पडला. हे आधीच सांगतोय कारण पुढं त्याचंच महत्त्व आहे.

पहिलं प्रॉडक्ट म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं द्रवरूप रायझोबियम, हरभऱ्यासाठीचं. (रायझोबियम म्हणजे द्विदल पिकाच्या मुळावर गाठी करून हवेतला नत्र पकडणारा जिवाणू.) दुसरं आमच्या तालुक्यातल्या एका दुकानातून घेतलेली अर्ध्या लिटरची बाटली, कंपनीचं नाव लिहीत नाही, पण लेबलवर रायझोबियम, अझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळा करणारे जिवाणू), पोटॅश मोबिलायझर, ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी मारणारी बुरशी), मायकोरायझा (मुळांशी जोडी जमवणारी बुरशी), सगळी बाराखडी होती. सातशे रुपये. विद्यापीठाचं लिटरभर घेऊनही त्याच्या निम्म्यात बसलं. दुकानदार म्हणाला "मालक, हे एकच टाका, बाकी काही बघू नका, हरभरा, सोयाबीन, कोबी, सगळ्याला चालतंय." तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

कारण रायझोबियम सगळ्याला चालत नाही. हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं, भुईमूग-चवळीचं वेगळं. मूळ स्वतःच्या अंगातून काही रसायनं मातीत सोडतं, त्या वासावर नेमका तोच जिवाणू येतो, तो उलटा एक निरोप पाठवतो, मग मुळावरचा केस छत्रीच्या दांड्यासारखा वाकतो आणि जिवाणू आत शिरतो. कुलूप-किल्लीचा प्रकार आहे सगळा. दुसऱ्या पिकाची किल्ली घेऊन तुम्ही किती का बाटल्या ओता, दार उघडणार नाही. आणि कोबीला मायकोरायझा म्हणजे तर कमालच, कोबी-फ्लॉवर-मोहरी हे अख्खं खानदान मायकोरायझाशी जमवूनच घेत नाही, त्या बुरशीला मुळात घरच देत नाही. तरी मी घेतली बाटली. उधारीवर मिळत होती हे खरं कारण, उगाच कशाला खोटं बोला.

पेरणी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं. बाकी रानात सगळीकडं विद्यापीठाचं, पण बांधाकडच्या अठरा तासांचे, म्हणजे पेरणीच्या ओळींचे, तीन भाग पाडले. सहा तासांना काहीच नाही, सहाला दुकानातली बाटली, सहाला विद्यापीठाचं. प्रत्येक वेळी यंत्रातलं बी काढा, पेटी पुसा, दुसरं भरा, ट्रॅक्टरवाला इतका वैतागला की म्हणाला डिझेल काय तुमचं रायझोबियम देणारे का. बियाणं जॅकी वाणाचं, दहा किलोला शंभर मिली हे प्रमाण. क्रम ती प्रसिद्ध एफआयआर, म्हणजे आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम, आणि मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. उन्हात सुकवलं की संपलं. आमच्याकडं गेल्या वर्षी एकानं बी पत्र्यावर वाळत घातलं आणि नंतर म्हणतो रायझोबियम काही कामाचं नाही.

आता मुख्य गोष्ट. चाळीस दिवसांनी तिन्ही भागातली पाच-पाच झाडं काढली. उपटली नाहीत हां, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात, आदल्या दिवशी पाणी दिलं आणि खुरप्यानं वीतभर लांबून ढेकूळ काढलं, बादलीत बुडवून ठेवलं, माती आपोआप सुटली. काहीच न लावलेल्या झाडांना आठ-दहा गाठी, बारीक, इकडं-तिकडं विखुरलेल्या. विद्यापीठाचं लावलेल्या झाडांना पंचवीस-तीसच्या आसपास, आणि बऱ्याचशा सोटमुळालाच वरच्या बाजूला चिकटलेल्या, आल्याच्या कुडीसारख्या वेड्यावाकड्या. (सोयाबीनच्या गाठी गोल गोल मोहरीसारख्या ते ज्वारीसारख्या असतात, हरभऱ्याच्या अशा फाटे फुटलेल्या, पहिल्यांदा बघणाऱ्याला रोग वाटतो.) नखानं गाठ फोडली तर आत लालसर गुलाबी, अगदी कच्च्या मटणासारखी. तो रंग म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लांबचं भावंड. हवेतला नत्र पकडणारं जे एन्झाइम आहे त्याला मोकळा ऑक्सिजन चालत नाही, तो लागला की ते बंद पडतं, आणि जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन पाहिजे, म्हणून हे लाल द्रव्य ऑक्सिजन मोजून-मापून पोचवतं. आत गुलाबी असेल तर कारखाना चालू, पांढरी असेल तर अजून सुरू नाही किंवा चालूच होणार नाही, हिरवी-तपकिरी असेल तर गाठ म्हातारी झाली. एवढी साधी परीक्षा आहे, लॅब नको काही नको.

आणि सातशेची बाटली? आठ ते अकरा गाठी. म्हणजे काहीच न लावल्यासारखं. आमचे अण्णा बादलीशेजारी बसले होते, त्यांनी दोन झाडं हातात धरली, उलटी-पालटी करून बघितली आणि म्हणाले "ह्यात सातशे रुपये कुठायत?"

मग मी घरी येऊन बाटली नीट वाचली, जे आधी करायला पाहिजे होतं. तारीख संपलेली नव्हती, पण बाटली आदल्या डिसेंबरात बनलेली, मी घेतली ऑक्टोबरात. म्हणजे अख्खा उन्हाळा तिनं दुकानाच्या पत्र्याच्या गोडाऊनमधे काढला. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर बेचाळीस असतं, पत्र्याखाली किती असेल तुम्हीच बघा. जिवाणू खत म्हणजे युरिया नव्हे, ते जिवंत असतं आणि मरतं. खत नियंत्रण आदेशात 2006 साली जैविक खतं आली, त्यात नियम आहे, द्रवरूप रायझोबियम असेल तर मिलीला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, पावडरवालं असेल तर ग्रॅमला 5 कोटी. लेबलवर ते छापलेलं होतंच. छापलेलं मरत नाही ना. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे "पाऊस जास्त झाला यंदा, त्यामुळं." बाटली बदलून दिली नाही, पैसे तर सोडाच.

त्यामुळं माझा आता नियम, बाटली घेताना बनवल्याची तारीख बघायची, संपण्याची नाही. मधे उन्हाळा गेला असेल तर हात लावायचा नाही. फुगलेली बाटली, सडका वास, दोन्ही नको. पिकाचं नाव आणि जिवाणूचं नाव लेबलवर नसेल तर ती ठेवा तिथंच.

आता विद्यापीठाच्या मालाबद्दल तक्रार नाहीच असं नाही. मिळायला त्रास आहे, ऐन पेरणीत गेलं तर रांग, कधी पाहिजे ते संपलेलं, आणि आमच्यापासून जाऊन-येऊन दिवस मोडतो. तिथंच मी द्रवरूप पीएसबी पण घेतलं होतं आणि त्याला मी किती मार्क द्यावेत मला कळत नाहीये. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर, सामू (पीएच) आठच्या वर, डीएपी खतातला स्फुरद चुन्याला धरून बसतो, पिकाला दिसतो पण मिळत नाही. पीएसबीचे जिवाणू ग्लुकोनिक वगैरे आम्लं सोडतात आणि तो थोडा थोडा मोकळा करतात, हे शास्त्र पक्कं आहे. पण गाठीसारखं नखानं फोडून बघण्यासारखं त्यात काही नाही. मुळाशी आधीच लाखो-करोडो स्थानिक जिवाणू ठाण मांडून बसलेले, त्यात आपण बाहेरून सोडलेला किती टिकला, किती खाल्ला गेला, कोण मोजणार. पाचपैकी तीन देतो, स्वस्त आहे म्हणून.

एक मात्र ध्यानात आलं. त्याच वर्षीच्या खरिपात सोयाबीनच्या जुन्या रानात असाच प्रयोग केला होता, लावलेलं आणि न लावलेलं, तिथं काडीचा फरक दिसला नाही, दोन्हीकडं गाठी भरपूर. कारण तिथं वीस वर्षं सोयाबीन आहे, त्याचा जिवाणू मातीत मुरलेला आहे. हरभऱ्याच्या तुकड्यात ऊस होता, तिथं पाहुणा यायला जागा रिकामी होती. म्हणजे रिव्ह्यू वाचून कुणी फाइव्ह स्टार दिले म्हणून घेऊ नका आणि वन स्टार दिला म्हणून सोडू नका, तुमच्या रानात आधी काय होतं ते बघा. 1904 साली हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं मुळाभोवतीच्या मातीला रायझोस्फिअर हे नाव दिलं, तोही द्विदल पिकांच्या ह्याच भानगडीत अडकलेला माणूस होता. पान दिवसभर साखर बनवतं आणि त्यातली बरीच मुळावाटे मातीत सांडतं, चुकून नाही, ह्या जिवाणूंना जेवायला. मुळाला चिकटलेली दोन-चार मिलिमीटर माती म्हणजे जेवणाची पंगत, आणि हातभर लांबची माती म्हणजे उपास.

हाच मुद्दा तिसऱ्या बाटलीत कामी आला. विहिरीजवळ आमच्या जुन्या डिझेल इंजिनाची खोपी होती, वीस वर्षं जळकं ऑईल तिथंच सांडलं, दोन गुंठ्याचा तो तुकडा काळा चिकट, पाऊस पडला की पाण्यावर इंद्रधनुष्य. एका कृषी प्रदर्शनात "प्रदूषित माती शुद्ध करणारे जिवाणू" म्हणून लिटरभर विकत होते, नऊशे रुपये. अर्ध्या जागेवर ती बाटली, शेणखत आणि नांगरट, अर्ध्यावर नुसतं शेणखत, दोन मूठ युरिया आणि नांगरट. दोन्हीकडं ओल ठेवली आणि हराळी वाढू दिली, आयुष्यात पहिल्यांदा हराळीला पाणी दिलं, अण्णा बोलायचेच बंद झाले होते दोन दिवस.

सहा-सात महिन्यांनी दोन्ही अर्धे सारखेच सुधारलेत. पाण्यावरची साय जवळपास गेली, ढेकूळ फोडलं की डिझेलचा वास कमी, हराळीची मुळं काळ्या थरात वीतभर उतरलीत. मग नऊशेच्या बाटलीनं काय केलं? माझ्या मते काही नाही. तेल खाणारे जिवाणू मातीत आधीच असतात, पण तेल म्हणजे नुसता कार्बन-हायड्रोजन, त्यांना नत्र-स्फुरद आणि हवा मिळत नाही म्हणून ते अडकलेले असतात. 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर तिथल्याच जिवाणूंना खत टाकलं होतं, तेच आम्ही युरियानं केलं. आणि आपल्याकडं नागपूरजवळ गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी ह्या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी झाडं उभी केली तेव्हा रायझोबियम, अझोटोबॅक्टर, मायकोरायझा सगळं दिलं, पण त्याच्याबरोबर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) पण खड्ड्यात घातली. जेवण आधी, पाहुणा नंतर. त्या बाटलीच्या माहितीपत्रकात शेणखताचा उल्लेख शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात होता.

आणि त्या माहितीपत्रकात एक थेट चुकीचं होतं, "शिसे व जड धातू नष्ट करते". नष्ट नाही होत हो. तेल मोडून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊ शकतं, शिसं शिसंच राहतं, जिवाणू फार तर त्याला बांधून ठेवतील किंवा त्याचं रूप बदलतील. जळक्या ऑईलमधे धातू असतातच, त्यामुळं त्या दोन गुंठ्यात आम्ही मेथी-कोथिंबीर लावणार नाही, आई कितीही म्हणू दे, आणि तिथली हराळी म्हशीला पण घालत नाही.

तर मार्क असे, विद्यापीठाचं हरभरा रायझोबियम साडेचार, अर्धा कापला तो रांगेसाठी. ऑल इन वन बाटली शून्य, निदान मला मिळाली ती. माती-शुद्धीवाली एक, तो पण त्यांच्यामुळं मी शेणखत टाकलं म्हणून. उत्पन्नात किती फरक पडला विचाराल तर तिथं माझी फजिती झाली, तिन्ही भागांची वेगळी मळणी करायची होती, पण वर ढग आले, अण्णांनी मळणीयंत्रवाल्याला सांगितलं सगळं एकदम घाल, आणि अठरा तासांचे घाटे दहा मिनिटांत एकत्र झाले. डोळ्याला तरी विद्यापीठाच्या सहा तासांचा हिरवेपणा आठवडाभर जास्त टिकला होता, एवढं सांगतो.

उरलेलं रायझोबियम बायकोनं फ्रिजमधे ठेवू दिलं नाही, दूध असतं म्हणे तिथं, म्हणून माठाशेजारी ओल्या पोत्याखाली ठेवलं होतं. उन्हाळा गेलाय मधे, त्यामुळं स्वतःचाच नियम मोडून ते वापरायचं नाहीये. दसऱ्याच्या आधी कुणी परभणीला जाणार असेल तर सांगा, मला दोन लिटर ताजं पाहिजे, आणि अण्णांना शेवग्यासाठी ट्रायकोडर्मा.