चेंडू, दोरी की शोधाशोध: सांगलीत कुत्र्याशी काय खेळावं?

कुत्र्याला मोकळ्यावर न्यायचं म्हटलं की बहुतेक जण चेंडू घेऊन निघतात. दमवायला चेंडूसारखा खेळ नाही, पण सांगलीच्या हवेत तोच सगळ्यात जपून खेळावा लागतो. समोर चेंडू आहे तोवर कुत्रं थांबत नाही, धाप लागली तरी पळतच राहतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शरीर गार होतं ते मुख्यतः धापा टाकूनच. म्हणून एप्रिल-मेमध्ये चेंडू फक्त उजाडताना आणि थोडाच वेळ. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर उन्हाळ्यात तो नकोच. निघण्यापूर्वी जमिनीला तळहाताची मागची बाजू ५-७ सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टरांकडे न्या.

चेंडू तोंडात अख्खा मावेल इतका लहान नसावा, घशात अडकतो. त्याऐवजी काठीही फेकू नका. तिचं टोक टाळूत घुसून वाईट जखमा होतात.

दोरीच्या ओढाओढीला जागा थोडी लागते, झाडाच्या सावलीत भागतं. मात्र दोरी वर उचलून कुत्र्याला लोंबकळवू नये, मानेला इजा होते. ओढ त्याच्या पाठीच्या रेषेत आणि हलकीच हवी. ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला आधी शिकवा. दात पडायच्या वयातल्या पिल्लाशी हा खेळ थांबवलेलाच बरा.

रोजच्यासाठी माझा कौल शोधाशोधीला. गवतात भाकरीचे तुकडे लपवायचे आणि त्याला हुंगत शोधू द्यायचं. म्हातारं, सांधे दुखणारं, चपट्या नाकाचं, सगळ्यांना हे झेपतं, पट्टा सोडावा लागत नाही आणि नाकाला काम मिळालं की कुत्रं खरोखर शांत होतं. जागा तेवढी पारखून घ्या. उसाच्या कडेच्या गवतात घोणस असू शकते. घरी आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची. तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. पावसाळ्यात डबक्यांतून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) भीती असते, तेव्हा त्याची लस चुकवू नका.

कृष्णेत पोहायला सोडायचा मोह अनेकांना होतो. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. पात्रात चेंडू टाकून कुत्र्याला मागे पाठवणं मला कुठल्याच ऋतूत पटत नाही.

आपल्याकडचं कारवान, म्हणजे शिकारी जातीचं कुत्रं असेल तर निवड आणखी सोपी, शोधाशोधच. शेळी किंवा ससा दिसला की ते हाक ऐकत नाही. कुंपण नसलेल्या माळावर चेंडू खेळायचाच असेल, तर लांब दोरी त्याच्या छातीच्या पट्ट्याला बांधून खेळा, गळ्याच्या नव्हे.