कोर्टातले समुपदेशक, मध्यस्थ की आपल्यासारख्या पालकांचा गट?

मुलाच्या ताब्याचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला की आई-बापांपुढे मदतीच्या तीन जागा असतात: न्यायालयातले विवाह समुपदेशक, मध्यस्थी केंद्र आणि याच वाटेने गेलेल्या पालकांचा गट. तिन्हींची कामं वेगळी आहेत. निवडताना दोन प्रश्न विचारा. इथे बोललेलं पुढे कुठे जातं? आणि त्यातून मुलाच्या आठवड्यात काय बदलतं?

समुपदेशक

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचा भर समेटावर आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे इथे वकील लावणं हा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशकांसमोर तर सहसा नवरा-बायकोलाच बसवतात. यासाठी वेगळी फी नसते. ते गरजेप्रमाणे मुलाशी स्वतः बोलतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. भेटींना सुरुवात होताना मूल बिचकत असेल तर पहिल्या काही भेटी न्यायालयाच्या आवारात, मुलांच्या खोलीत ठेवता येतात. अनोळखी वाटायला लागलेल्या बापाशी किंवा आईशी मूल पुन्हा खेळायला लागतं, ते बऱ्याचदा तिथेच.

पण मन मोकळं करायची ही जागा नव्हे. गर्दी असते, वेळ कमी असतो. शिवाय 2019 मध्ये पेरी कन्साग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मध्यस्थीतली गोपनीयता ताब्याच्या वादात समुपदेशकाच्या अहवालाला लागू होत नाही. मूल जे बोललं ते न्यायाधीशांपर्यंत पोहोचू शकतं. म्हणून मुलाला पढवून नेऊ नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि त्याचा त्रास मुलालाच होतो.

मध्यस्थी

मुलाचं वेळापत्रक ठरवायचं असेल तर माझा कौल मध्यस्थीला. निकालात बऱ्याचदा ‘महिन्यातून दोन रविवार भेट’ एवढंच येतं आणि पहिल्याच रविवारी भांडण होतं. मध्यस्थासमोर बसून लिहिलेल्या अटी अशा असू शकतात: पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. न्यायला बाबा येतील, सोसायटीच्या गेटपाशी. परत आणायलाही तेच. परीक्षेच्या आठवड्यात भेटीऐवजी रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. दिवाळीचा पाडवा एका वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री कळवायचं, आणि बुडालेली भेट पुढच्या रविवारी. इतकं बारीक लिहिलं की वादाला जागा कमी राहते. व्हिडिओ कॉलचा आग्रह जरूर धरा. यशिता साहू खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचं प्रेम हा मुलाचा हक्क मानला आणि संपर्कासाठी अशा कॉलवर भर दिला.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र समोरासमोर बसायची घाई करू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. पोलीस यंत्रणेतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत ते सुरू केले आणि पुढे ते राज्यभर पोहोचले.

पालकांचा गट

गटातून जे मिळतं ते कोर्टात मिळत नाही. तारखेच्या आदल्या रात्री झोप येत नाही तेव्हा फोन उचलणारं कुणीतरी असतं. पहिल्या तारखेला सोबत येतं. शाळेच्या फॉर्मवर दोघांची नावं कशी लिहायची, हे सांगणारंही तिथेच भेटतं. नातेवाइकांच्या सल्ल्यापेक्षा हे पुष्कळ बरं, कारण नातेवाईक सहसा बाजू घेतात.

मात्र गट निवडताना तिथे समोरच्या पालकाबद्दल काय बोललं जातं ते आधी ऐका. नुसता सूड शिकवला जात असेल तर निघून या. कायद्याबाबत तर गटावर विसंबूच नका. ‘पाच वर्षांखालचं मूल आईकडेच’ असं ठामपणे सांगितलं जातं, पण 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात त्याआधी ‘सामान्यतः’ आहे, आणि अंतिम निकष मुलाचं हित हाच. बापांच्या काही गटांत ‘भेट देत नाहीत तर पोटगी थांबव’ असं सुचवतात. तसं अजिबात करू नका. भेट आणि पोटगी या वेगळ्या गोष्टी आहेत, थकबाकी वाढत जाते आणि तिची वसुली होते. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर अर्ज करा.

आणि गटात टाकलेलं गटात राहत नाही. स्क्रीनशॉट समोरच्या वकिलापर्यंत जातो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 खाली बंद दाराआड सुनावणी मागून घेतली असेल, तर तिथलं मुलाचं बोलणं गटात लिहिणं फार वाईट.

मग काय करावं?

दोघं एका टेबलाशी बसू शकत असाल तर आधी मध्यस्थी मागा. मूल भेटायलाच तयार नसेल तर आधी समुपदेशक. गट दोन्हींच्या जोडीला ठेवा, त्यांच्या जागी नको. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पुरुषांना सहसा उत्पन्नाची अट असते. जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नसेल तर ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो, आणि तिथेही हे प्राधिकरण असतं.

मूल परदेशातून इथे आणलेलं असेल, किंवा इथून तिकडे नेलं असेल, तर क्रम बदलतो. दुसऱ्या देशात नेलेलं मूल लवकर परत पाठवण्यासाठी देशांनी केलेल्या, मुलांच्या अपहरणाबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे अशा प्रकरणात पहिला फोन वकिलाला करा, आणि तोही त्याच आठवड्यात.