‘पाय राहू दे, आधी टाळी दे’ : दादरच्या एका कथक वर्गाबद्दल

आमच्या शाळेत नववीला वर्षभराचा एक प्रकल्प असतो. विषय आपणच निवडायचा, शाळेबाहेरचा मार्गदर्शक आपणच शोधायचा, त्यांच्याकडे निदान चाळीस तास शिकायचं आणि फेब्रुवारीत सगळ्या शाळेपुढे मांडायचं. माझा विषय होता ‘कथकमधलं गणित’. तोवर मला कथकचा गंधही नव्हता. मामेबहिणीच्या कार्यक्रमाला गेले होते, तिथे एका जागी तबला आणि पाय एकदम थांबले आणि सभागृहात बसलेल्या किती तरी जणांनी एकाच क्षणी मान हलवली. ती जागा येणार हे त्यांना आधीच कसं कळलं, एवढंच मला शोधायचं होतं.

यंदा ज्यांना असा प्रकल्प करायचाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. विषय सुचतो, मार्गदर्शक मिळत नाही.

मी आधी घराजवळच्या एका डान्स क्लासला गेले होते. एसी हॉल, भिंतभर आरसा, तीन महिन्यांची फी आगाऊ. तिथल्या सरांनी विषय ऐकून घेतला आणि म्हणाले, “गाणं बसवून देतो, वहीवर सह्याही करतो. चाळीस तास झाले असं लिहून टाक.” तीन आठवडे मागच्या रांगेत उभी राहून मी एकाच गाण्याच्या स्टेप्स केल्या. ताल हा शब्दही कुणी काढला नाही. आईने उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले तर नियमात बसत नाही म्हणाले. ते पैसे आईच्या ओव्हरटाइमचे होते. मला अजून राग येतो.

दादरचा वर्ग आईच्या ऑफिसातल्या एका काकूंनी सुचवला. गोखले रोडजवळ एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, बाहेर पाटी नाही. वर्ग घेणाऱ्या ताईंना आपलं नाव कुठे छापलेलं आवडत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. वय साठीच्या पुढे, केस पांढरे, आवाज मात्र असा की रस्त्यावरच्या बसचा हॉर्न वाजला तरी बोल स्पष्ट ऐकू येतात.

पहिल्या दिवशी त्यांनी फीबद्दल बोलणंच काढलं नाही. माझी वही मागितली, विषय वाचला आणि विचारलं, “तुला नाचायचंय की शोधायचंय?” मी म्हटलं, शोधायचंय. “मग पाय राहू दे. आधी टाळी दे.”

पूर्ण एक महिना मी पाय उचलला नाही. भारतीय बैठक मारून तीनताल हातावर धरायचा. सोळा मात्रा, म्हणजे सोळा सारखे ठोके, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात रिकामा बाजूला. तोंडाने ‘धा धिं धिं धा’ सुरू आणि ताई मध्येच विचारणार, “आज जेवायला काय होतं?” उत्तर द्यायचं आणि हात चुकू द्यायचा नाही. सुरुवातीला मी ‘भेंडी’ म्हणेपर्यंत खाली निघून गेलेली असायची. चौथ्या आठवड्यात मी अख्खं जेवण सांगितलं, अगदी ताकापर्यंत, आणि समेवर, म्हणजे ताल पुन्हा जिथून सुरू होतो तिथे, बरोबर आले. ताई फक्त “हं” म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या. त्या ‘हं’साठी मी महिनाभर गेले होते.

पुढची गोष्ट सविस्तर सांगते, कारण या वर्गाची खरी किंमत मला तिथे कळली.

तिहाई म्हणजे एकच बोल, म्हणजे ‘धा’, ‘थेई’ अशा अक्षरांचा तुकडा, तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्या वेळचं शेवटचं अक्षर बरोब्बर समेवर आणायचं. तीन पल्ले आणि त्यांच्या मधे दोन थांबे. थांब्याला दम म्हणतात. दम असेल तर दमदार तिहाई, नसेल तर बेदम. मला वाटलं, यात काय अवघड आहे? आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, सोळाचं, म्हणून बेरीज सोळा व्हायला हवी. बोल चार मात्रांचा, दम दोन मात्रांचा. चार, दोन, चार, दोन, चार. सोळा! वहीत चौकट आखून लिहिलं आणि ताईंना दाखवलं. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. “म्हणून दाखव.” मी म्हटलं. त्या टाळी देत होत्या. माझं शेवटचं अक्षर पडलं आणि त्यांचा हात अजून समेवर यायचा होता. “कुठे उतरलीस?” मी पुन्हा म्हटलं. पुन्हा एक मात्रा आधीच. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. “घरी जा, जिना चढताना म्हण.”

आमच्या चाळीच्या जिन्यात ते मला कळलं. सम ही सोळावी मात्रा नाहीच, ती पुढच्या आवर्तनाची पहिली. म्हणजे समेपासून निघून समेवर पोचायला बेरीज सतरा हवी. सतरा ही विषम संख्या, आणि दोन दम मिळून नेहमी समच येणार. म्हणून पूर्ण मात्रांचा दम घेतला तर बोल विषम मात्रांचाच लागतो. पाच मात्रांचा बोल आणि एकाचा दम, किंवा तीनचा बोल आणि चारचा दम. चारचा बोल बसतच नाही. नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठलं तर बेरीज नऊ. तिथे ‘तिग्धा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा बोल दम न घेता तीनदा म्हटला की शेवटचा ‘थेई’ आपोआप समेवर. धावत जाऊन आईला सांगितलं, ती कुकर लावत होती.

पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत वर्गात सांगितलं की चारचा बोल समेपासून बसत नाही. रविवारी तबल्याला एक काका येतात. काका हसले, ताईंनी त्यांना खूण केली आणि स्वतः उभ्या राहिल्या. चारच मात्रांचा बोल, आणि दम अडीच मात्रांचा. पहिला पल्ला सरळ मात्रांवर पडला. दुसरा दोन मात्रांच्या बरोब्बर मधोमध, ऐकताना पोटात गोळा यावा असा, वाटलं ताई चुकल्या. तिसरा चौदाव्या मात्रेवर उचलला, पुन्हा सरळ, आणि सम. चार, अडीच, चार, अडीच, चार. सतराच. माझ्या वहीत अर्धी मात्रा नव्हती, त्यांच्या पायात होती. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाल्या, “आता लिही.”

माझं उत्तर मला तिथे मिळालं. मधल्या पल्ल्यात ऐकणाऱ्याचा तोल जातो, तिसऱ्यात सावरतो, आणि तोल सावरतोय हे कळलेलं असतं म्हणूनच सगळे समेची वाट बघत असतात. मान त्यामुळेच हलते.

पाय दुसऱ्या महिन्यात सुरू झाले. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’, आधी ठाय, म्हणजे संथ लयीत, मग दुगुन, मग चौगुन. घुंगरू ताईंनी लगेच विकत घेऊ दिले नाहीत. पितळेचे सुटे घुंगरू आणि सुती दोरी आणायला लावली आणि ओवायला बसवलं. एक घुंगरू, एक गाठ, पुन्हा घुंगरू. गाठ सैल राहिली तर घुंगरू एकमेकांवर आपटून आवाज फाटतो, फार घट्ट ओढली तर दबून बसतो. एका पायाचे पन्नास ओवायला मला तीन संध्याकाळ लागल्या, बोटांना दोरीचे वळ उठले. दुसऱ्या पायाला दीड संध्याकाळ.

लेखी भागासाठी त्यांनी कथक करणाऱ्या तिघांची नावं दिली आणि वाचून ये म्हणाल्या. मुंबईत आयुष्य काढलेल्या सितारादेवी (१९२०–२०१४), त्यांचे भाचे गोपीकृष्ण, आणि पुण्यात १९४७ साली नृत्यभारती सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे. वाचून आल्यावर तासभर प्रश्न विचारले. माझं एक पानही त्यांनी स्वतः लिहून दिलं नाही, आणि तास भरल्याशिवाय सही केली नाही. एकदा मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले तर वहीत पाऊण तास असं लिहिलं.

गणपतीत मी अडकले. आम्ही लालबागला राहतो, त्या दिवसांत दर्शनाच्या रांगा आणि बंद रस्ते यांतून वेळेवर बाहेर पडणं कठीण. ताईंनी अनंत चतुर्दशीपर्यंत रोज रात्री नऊला फोन करून दहा मिनिटं पढंत, म्हणजे बोल तोंडाने तालात म्हणणं, घेतली. मी खिडकीत बसून बोल म्हणायचे, खाली ढोल-ताशे. “त्या ढोलाकडे जाऊ नकोस, तुझी लय धर,” असं त्या फोनवरून सांगायच्या. वहीत हे तास धरायचे का विचारलं तर म्हणाल्या, “धर की. मेहनत केलीस.”

अडचणी आहेत, त्याही सांगते. फरशी शहाबादी आहे. सतरंजी काढून पाय मारला की टाचा दुखतात, मला पहिले दोन आठवडे रात्री कोमट पाण्यात पाय सोडून बसावं लागलं. लाकडी जमीन हवी, पण जागा भाड्याची आहे. कपडे बदलायला वेगळी खोली नाही. तबला फक्त रविवारी, एरवी मोबाइलवरचा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून. ताई व्हॉट्सअॅप बघत नाहीत, फोनच करावा लागतो, आणि तोही दुपारी दोन ते चार सोडून. गांधर्व मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा जवळ आल्या की मोठ्या मुलींना जास्त वेळ जातो, नोव्हेंबरमध्ये माझे दोन तास हुकले. ताईंनी ते डिसेंबरात भरून दिले, पण मागायला मलाच लागले. दहावीच्या वाढीव गुणांसाठी घाईने येणाऱ्यांना त्या सरळ नाही म्हणतात. त्यासाठी वरच्या परीक्षा लागतात आणि ते एका वर्षाचं काम नव्हे.

फी महिन्याला पंधराशे, आठवड्यातून दोन दिवस आणि रविवार. प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे वेगळे पैसे घेतले नाहीत. शाळेतल्या सादरीकरणाला ताई स्वतः आल्या, मागच्या बाकावर बसल्या. गणिताच्या बाईंनी अडीच मात्रांची तिहाई फळ्यावर मांडायला लावली, मग पायाने करायला लावली. दुसऱ्या पल्ल्याला माझा पाय किंचित आधी पडला. ताईंना कळलं, मला कळलं, बाकी कुणाला नाही. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, “उद्या येतेस ना?”

बाबांचंही सांगायला हवं. ते पूर्वी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनांना पखवाज वाजवायचे, मिल बंद झाल्यावर सगळंच सुटलं. मी स्वयंपाकघरात तिहाई घोकत होते तेव्हा ते बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “थांब. भजनी ठेका आठचा. तुझं हे दोन आवर्तनांत बसेल.” माळ्यावरून पखवाज काढला. डाव्या पुडीला कणीक लावायला आईने गोळा मळून दिला. दोन आवर्तनं त्यांनी धरली, मी पाचाचा बोल आणि एकाचा दम घेतला, आणि आम्ही दोघं एकदम समेवर आलो.

प्रकल्प संपला, वर्ग चालू आहे. एप्रिलच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म भरलाय. ताई म्हणतात आता पायाला पन्नास पुरेत, शंभर नंतर. दोरी मी आत्ताच आणून ठेवलीय.